आधी बजेट वाच, मग मतं माग

काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभा राहिलास, तुझं पत्रक दारात मिळालं. गुळगुळीत कागद, हसरा फोटो आणि खाली 'माझे प्राधान्यक्रम'. शनिवारच्या मराठी शाळेत तुझे निबंध तपासायचे, तसंच लाल पेन घेऊन बसले. खूण नाही अशी एक ओळ उरली नाही.

'शाळांचा दर्जा उंचावणार.' कसा रे? एडिसनच्या शाळा एडिसनचं शिक्षण मंडळ चालवतं, वुडब्रिजच्या वुडब्रिजचं. मिडलसेक्स काउंटीच्या कमिशनरला तिथं ना शिक्षक नेमता येत, ना गणिताचं पुस्तक बदलता येत. 'बेसुमार बांधकामाला आळा घालणार.' कुठं किती मजले चढवायचे ते टाउनशिपचं झोनिंग ठरवतं. आणि 'ग्रीन कार्डाची रांग कमी करणार' वाचल्यावर मी चष्माच काढून ठेवला. तो कारभार वॉशिंग्टनचा. शिवाय जे त्या रांगेत उभे आहेत, त्यांना इथं मतही नाही, एवढं तरी तुला कळायला हवं होतं!

'प्रॉपर्टी टॅक्स कमी करणार' म्हणतोस. कुठला? बिल एकदा उघडून बघ. त्यात शाळेचा वाटा वेगळा, गावाचा वेगळा, काउंटीचा वेगळा. सगळ्यात मोठा आकडा बहुतेकदा शाळेचा असतो आणि तो तुझ्या हातात नाही. काउंटीच्या वाट्यातला कुठला खर्च कापणार, ते लिही. नुसतं 'कमी करणार' म्हणायला काय जातं!

आता जे खरोखर काउंटीचं आहे ते बघ: काउंटीचे रस्ते, पूल, तुरुंग, बागा, एडिसनमधलं मिडलसेक्स कॉलेज, व्यवसाय शिक्षणाच्या शाळा, इतकंच काय, डासांचा बंदोबस्तसुद्धा. यातलं एक अक्षर तुझ्या पत्रकात नाही. डास तुला किरकोळ वाटले असतील. वेस्ट नाइलचा ताप डासांमुळेच येतो, बाबा. 2012 सालच्या सँडी वादळानंतर सेरव्हिल, साउथ रिव्हर आणि वुडब्रिजमधली पुरात सापडणारी घरं न्यू जर्सी राज्यानं विकत घेऊन पाडली. त्याच भागात मतं मागायला जाशील, तेव्हा काउंटीच्या रस्त्याखालची मोरी तुंबते त्याचं काय करणार, हे कुणीतरी विचारेलच. तेव्हा काय ग्रीन कार्डाबद्दल बोलणार?

आपल्याच घरांतलं सांगते. मुलगा-सून कामावर गेले की आई-बाबा दिवसभर घरात अडकून. गाडी चालवता येत नाही, डॉक्टरकडे जायचं तर कुणाला तरी रजा काढावी लागते. ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी काउंटीची वाहनसेवा आहे. किती आजी-आजोबांना ते ठाऊक आहे? ठाऊक असलं तरी फोनवर इंग्रजीत बोलून गाडी मागवायची म्हणजे त्यांची तारांबळ. हे काम तुझ्या हक्काचं होतं, घरातलं होतं, आणि तुला ते दिसलंच नाही.

आणखी एक. कमिशनर सात, आणि प्रत्येक जण साऱ्या काउंटीच्या मतांवर निवडून येतो. गावं पंचवीस, लोकसंख्या साडेआठ लाखांवर. ओक ट्री रोडवर आपल्या लोकांत हार घालून फोटो काढलेस, छान झालं. पर्थ अँबॉयला कधी गेलास? तिथं घरोघर स्पॅनिश बोलतात. त्यांच्यासाठी तुझ्या पत्रकात एक ओळ नाही. आपला माणूस म्हणून आम्ही मत द्यायचं, तर त्यांनी कशासाठी द्यायचं?

हुशार होतास, पण पाठ न वाचता उत्तर ठोकायची खोड तेव्हाही होती. वर्गात ती खपली. इथं लोकांच्या पैशांचा हिशेब आहे.

काउंटीचं बजेट कुणालाही वाचायला मिळतं. ते वाच, कमिशनरांच्या एका सभेला मागच्या खुर्चीत गप्प बसून ये, आणि पत्रक नव्यानं लिही. तोवर माझ्या अंगणात तुझी पाटी लागणार नाही.