स्वपक्षातील हेत्वाभास

श्रद्धा आणि बुद्धी यांचा वाद म्हटला की एका बाजूस श्रद्धावान व दुसऱ्या बाजूस नास्तिक, अशी दोन सैन्ये समोरासमोर उभी असल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. ऑक्सफर्ड विद्यापीठात १९४२ च्या आरंभी ज्या ‘सॉक्रेटिक क्लब’च्या सभा भरू लागल्या, त्यांची आखणीही साधारणतः याच चित्राबरहुकूम झाली होती. स्टेला ऑल्डविंकल या बाईंच्या पुढाकाराने क्लब निघाला. इंग्रजी साहित्याचे अध्यापक व ख्रिस्ती मताचे लोकप्रिय पुरस्कर्ते सी. एस्. लुइस हे त्याचे अध्यक्ष झाले आणि १९५४ साली केंब्रिजला जाईपर्यंत त्या जागी राहिले. एकाने ख्रिस्ती मताच्या बाजूने निबंध वाचावा, दुसऱ्याने त्याचे खंडन करावे, कधी याच्या उलट व्हावे, आणि नंतर विद्यार्थ्यांनी दोघांनाही प्रश्न विचारावेत, असा तेथील परिपाठ होता.

या क्लबाची सर्वांत गाजलेली सभा मात्र या आखणीत बसत नाही. २ फेब्रुवारी १९४८ रोजी लुइस यांच्या युक्तिवादाचे ज्यांनी खंडन केले, त्या एलिझाबेथ ॲन्स्कम नास्तिक नव्हत्या. अठ्ठावीस वर्षांच्या या बाई विट्गेन्स्टाइनच्या शिष्या होत्या, आणि निष्ठावंत कॅथॉलिकही होत्या. ईश्वर आहे, सृष्टीच्या पलीकडे काही आहे, हा लुइस यांचा निष्कर्ष त्यांना मान्यच होता. त्या निष्कर्षापर्यंत नेणारी वाट मात्र मध्येच तुटली आहे, एवढेच सांगण्यासाठी त्या उभ्या राहिल्या.

लुइस यांनी ‘मिरॅकल्स’ या आपल्या १९४७ च्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात असे म्हटले होते : जगात जे काही घडते ते सारे निसर्गाच्या अंध कार्यकारणभावाने घडत असेल, तर आपले विचारही तसेच घडतात. अविवेकी कारणांनी उपजलेल्या विचारावर कोणी विसंबत नाही. ज्वराच्या भरात रोग्याला भिंतीवर साप दिसला, तर आपण काठी शोधीत नाही. मग ‘सर्व काही निसर्गच आहे’ हा विचारही विश्वासार्ह ठरत नाही, आणि निसर्गवाद आपल्याच तलवारीने मरतो.

युक्तिवाद मोठा देखणा आहे. ॲन्स्कमबाईंनी त्याच्या दोन सांध्यांवर बोट ठेवले. पहिला असा की, अविवेकी कारण वेगळे आणि ज्याला विवेक-अविवेक हे शब्दच लागू पडत नाहीत असे कारण वेगळे. ज्वर बुद्धी भ्रष्ट करतो; मेंदूतील रक्ताभिसरण तिला भ्रष्टही करीत नाही आणि शहाणीही करीत नाही. दुसरा सांधा ‘का’ आणि ‘कारण’ या शब्दांचा. एखादा विचार कशामुळे उद्भवला हा एक प्रश्न, आणि तो कशाच्या आधारावर खरा ठरतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा निकालात निघत नाही.

मराठी वाचकाला हा भेद समजण्यास अडचण पडू नये, कारण आपल्या भाषेतही ही गफलत रोज होते. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला’ असे आपण म्हणतो, आणि ‘रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला असावा’ असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘म्हणून’ एकच. आपल्या शास्त्रकारांनी यासाठी कारक हेतू व ज्ञापक हेतू असे दोन शब्द योजले. धूर अग्नीला उत्पन्न करीत नाही, त्याचे ज्ञान करून देतो. कचेरीतल्या हिशेबाचेच उदाहरण घ्या. बेरीज बरोबर आहे की नाही हे लेखापरीक्षक आकडे मांडून पाहतो. कारकुनाला रात्री झोप लागली होती का, याची तो चौकशी करीत नाही. झोप लागली नव्हती असे कळले तर फार तर तो आकडे दुसऱ्यांदा तपासील.

सभेत लुइस यांचा पाडाव झाला की नाही, याविषयी आठवणी जुळत नाहीत. त्यांच्या काही मित्रांनी ते खचून गेल्याचे सांगितले. खुद्द ॲन्स्कमबाईंच्या स्मरणात ती एक शांत, मुद्देसूद चर्चा होती. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. आपल्याच धर्मबंधूला, तोही शत्रूशी लढत असताना, भर सभेत उघडे पाडणे योग्य होते काय? घरातले वैगुण्य चारचौघांत बोलू नये, हे आपल्याकडचे शहाणपण. सरकारी लिखापढीत मुरलेल्या आमच्यासारख्यांना तर निर्णय आधी ठरून कारणे मागाहून जमविलेल्या टिपणीची चांगलीच ओळख असते. निर्णय इष्ट असला की त्या कारणांकडे कोणी बारकाईने पाहत नाही. पाहणारा अडेलतट्टू ठरतो.

आमच्या मते ॲन्स्कमबाईंचे करणे योग्यच होते. लुइस यांच्या युक्तिवादावर भार टाकून एखादा तरुण विद्यार्थी श्रद्धेत स्थिर झाला असेल, तर आज ना उद्या कोणीतरी तो खांब हलविणारच. तो वैऱ्याने हलविला तर छप्परही कोसळेल. घरच्याने हलविला तर निदान दुसरा टेकू देण्यास अवसर मिळेल. पण हा हिशेबही दुय्यम आहे. खोट्या हेतूने सत्य सिद्ध करणारा ऐकणाऱ्याच्या बुद्धीला फसवितो, मग निष्कर्ष कितीही पवित्र असो.

ही कसोटी केवळ श्रद्धावानांनाच लागते असे नव्हे. लुइस यांनी आपल्या प्रकरणात जे. बी. एस्. हॉल्डेन यांचा आधार घेतला होता. हे जीवशास्त्रज्ञ १९५७ साली कलकत्त्यास आले, पुढे भुवनेश्वरला राहिले आणि १९६४ मध्ये तेथेच वारले. विचार म्हणजे केवळ मेंदूतील अणूंची हालचाल असेल तर त्यांना खरे मानण्यास आधार उरत नाही, असे हॉल्डेन यांनी १९२७ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते. धर्मवाद्यांना हे आयतेच सापडले. परंतु १९५४ साली त्यांनी हा युक्तिवाद प्रसिद्धपणे मागे घेतला : गणकयंत्र सर्वस्वी भौतिक नियमांनी चालते आणि तरीही तर्कशुद्ध उत्तर देते, हे त्यांना पटले होते.

येथे एक आक्षेप उरतो, आणि तो किरकोळ नाही. युक्तिवाद पडला तरी लुइस यांची श्रद्धा पडली नाही. मग तो युक्तिवाद केवळ शोभेचा होता काय? याच क्लबात १९५० च्या सुमारास अँटनी फ्ल्यू यांनी, जॉन विझ्डम यांची एक दृष्टांतकथा घेऊन, हाच प्रश्न टोकदार केला. रानातील मोकळ्या जागी फुले दिसतात. एक प्रवासी म्हणतो, येथे माळी असला पाहिजे. पहारा ठेवला, कुंपण घातले, माळी दिसेना. तर तो म्हणतो, माळी अदृश्य आहे, अस्पर्श आहे. अशा माळ्यात आणि मुळीच नसलेल्या माळ्यात फरक काय? बॅसिल मिचेल यांनी उत्तर दिले की, श्रद्धावान प्रतिकूल पुरावा नाकारीत नाही. ज्या माणसाला भेटून विश्वास बसला, त्याची पुढची वर्तणूक कोड्यात टाकते. विश्वास ठेवणारा ती बोच सोसतो, पण पहिल्या खटक्याला साथ सोडीत नाही. आम्हांस हे उत्तर अर्धे पटते. बोच सोसणे आणि ती न जाणवणे यांतला भेद बाहेरून ओळखावा कसा, हे मिचेल यांच्या उत्तरातून कळत नाही.

लुइस यांच्यापुरती तरी एक खूण उपलब्ध आहे. १९६० च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले. निसर्गवाद स्वतःचेच खंडन करतो, हा मथळ्यातील दावा जाऊन त्या जागी निसर्गवादाची मुख्य अडचण, एवढेच राहिले. ‘कारण’ या शब्दाचे दोन अर्थही त्यांनी वेगळे करून दाखविले. १९८१ साली, लुइस वारल्यास अठरा वर्षे झाल्यावर, ॲन्स्कमबाईंनी आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत या पुनर्लेखनातील प्रामाणिकपणाची मोकळेपणाने वाखाणणी केली. आणि तेथेच त्यांनी हेही नमूद केले की, विचाराचा आधार आणि तो विचार प्रत्यक्ष मनात येणे यांचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर अद्याप आपणांपाशी नाही.