रोजच्या वाटणीत राहून गेलेले

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



यरुशलेमेतील पहिली मंडळी प्रार्थनेत तत्पर आणि दानात उदार होती. तरीही ह्या शास्त्रभागात कुरकुर ऐकू येते. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या. अन्न नव्हते असे नाही, देण्याची इच्छा नव्हती असेही नाही. अन्न होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. हे वाचताना कारखान्याच्या बंद फाटकाबाहेर उभा असलेला कामगार आमच्या डोळ्यांपुढे येतो.

आम्हां रामाकोन्याच्या लोकांची वाट सौंसरवरून नागपूरला जाते. त्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. शतकाहून अधिक काळ चालून ती २००२ मध्ये बंद पडली. इकडे सौंसर तालुक्यातल्या बोरगावात १९९१ पासून रेमंडचा कापड कारखाना आहे, तर त्याच कंपनीचा ठाण्यातील जुना कारखाना २००९ मध्ये बंद झाला. काम असे गाव सोडते, कधी देशही सोडते. एका गावी भोंगा वाजत असतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी गावी तो कायमचा थांबलेला असतो. भाकरीसाठी उपकार मानताना हेही आपल्या ध्यानात असावे.

काम गेलेल्यांना शासनाने अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली भर घालण्यात आली आणि कपात झालेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळण्याचा हक्क आला. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्र सरकारने कापड कामगार पुनर्वसन निधीची योजना लागू केली. कायमच्या बंद झालेल्या खाजगी गिरण्यांच्या कामगारांना पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळे. परंतु त्यासाठी गिरणी कायद्याने बंद ठरावी लागे. फाटकाला नुसते कुलूप लागून भागत नसे. पुढे १ एप्रिल २०१७ पासून ही योजना कामगार विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिळवण्यात आली. त्या योजनेत ठरावीक काळ विम्याची वर्गणी भरलेल्या कामगाराचे काम कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने गेले, तर त्याला काही काळ बेकारी भत्ता मिळतो व कुटुंबाच्या औषधोपचाराची सोय होते.

अमेरिकेसारख्या धनवान देशानेही, परदेशी मालामुळे काम गेलेल्यांना भत्ता व नवे शिक्षण देण्याचा कायदा १९६२ साली केला होता. १ जुलै २०२२ पासून तेथे नव्या अर्जदारांना ते दार बंद झाले. मनुष्यांच्या योजना येतात आणि जातात. मंडळीने मात्र आपले काम योजनेवर सोपवून मोकळे होऊ नये.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. त्यांनी त्या विधवांना कुरकुर केल्याबद्दल दटावले नाही. अधिक प्रार्थना करा, एवढेच सांगून परत पाठवले नाही. आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष मंडळीला निवडायला सांगितले आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंगतीत वाढण्याच्या कामाला एवढी तयारी! आणि सातवे वचन सांगते की, ह्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. वाटणी नीट झाली, तेव्हा सुवार्तेची वाटही मोकळी झाली.

आपल्या मंडळीतही असे सात निघतील. कोणी निवृत्त शिक्षक आहेत, कोणी कारकून होते. त्यांनी बेकार झालेल्या भावाचे कागद वाचून द्यावेत. विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, नोकरीचा दाखला आणि बँकेचे पुस्तक ह्यांवर नाव एकच आहे की नाही ते पाहावे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडतो. मुदत संपण्याआधी त्याच्याबरोबर कचेरीत जावे. खिडकीपाशी एकटा उभा असलेला मनुष्य लवकर खचतो.

ह्या मदतीला कोणी भीक म्हणू नये. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात दिवस मावळतीला चौकात उभे असलेले मजूर आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धन्याने त्यांचे उत्तर खरे मानले आणि त्यांना दिवसाची पुरी मजुरी दिली. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्याला मिळणारी मदत हा त्याचा हक्क आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही आमची विनंती आहे. ज्याचा बाप घरी बसला आहे, ते मूल वर्गात गप्प होते. वर्गणीसाठी चारचौघांत त्याचे नाव पुकारू नका. त्याच्या घरी जा, चहा घ्या, बसा.

त्या निधीची सरकारी मदत वर्षागणिक उतरत जाई. पंचाहत्तरांचे पन्नास होत, पन्नासांचे पंचवीस, आणि मग काहीच नसे. बंधुजनांची प्रीती तशीच उतरत गेली, तर तिसऱ्या वर्षी त्या घराने कोणाकडे पाहावे? टक्के जसे कमी होतील, तसे आपले पाय त्या दाराकडे अधिक वळोत.

हे प्रभू, रोजच्या वाटणीत राहून गेलेल्यांकडे पाहणारे डोळे आम्हांला दे, आणि आमच्यातून तुझे सात जण उभे कर. आमेन.