हांका आणि विसावा



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत कफर्णहूम येथील एका संध्याकाळचें वर्णन आहे. दिवस मावळतांच सारें नगर दाराशीं लोटलें व प्रभूनें पुष्कळ रोग्यांस बरें केलें. परंतु दुसरे दिवशीं फटफटण्यापूर्वींच तो उठून एकांतीं प्रार्थनेस गेला. सगळे त्याच्या शोधांत आहेत हें शिमोनानें त्यास कळविलें. तरी तो त्या गर्दीकडे परतला नाहीं, आसपासच्या गांवीं उपदेश करण्यास निघाला. एकांतांत त्यास आपलें कार्य स्पष्ट झालें होतें. जो प्रत्येक हांकेस ओ देतो, त्यास पित्याची हांक ऐकूं येत नाहीं.

आज अशा हांका आमच्या खिशांतच वाजत असतात. मोबाइल वाईट आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तो दूरच्या लेकाचा आवाज आईस ऐकवितो; अडल्या रात्रीं रुग्णवाहिका बोलावून आणितो. पण चाकरच धनी होऊन बसला, म्हणजे ताटावरचा बाप मुलाचें तोंड पाहत नाहीं, आणि म्हातारीचें बोलणें अर्ध्यावर राहतें.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव ह्या गांवानें २०२२ सालीं एक नियम केला. कोविडच्या काळांत शाळा मोबाइलवर भरली होती. पुढें ती उघडली, तरी मुलांच्या हातून मोबाइल सुटेना. तेव्हां असें ठरलें कीं, संध्याकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, आणि ८.३० पर्यंत घरोघरीं मोबाइल व टीव्ही बंद ठेवून अभ्यास, वाचन व संभाषण करावें. हा नियम एकट्या मुलांवर लादलेला नव्हता. सारें गांव एकाच वेळीं थांबलें, म्हणजे प्रत्येकास थांबणें सोपें जातें.

शब्बाथाचा विसावाहि असाच सामायिक होता. धन्याबरोबर चाकर, परका व गुरेंढोरें हीं सर्व थांबत. तर मंडळींनो, आपणहि दिवेलागणीची एक घटका नेमूं या. मोबाइल फडताळांत ठेवावे. पहिला वडिलांचा, आणि पाळकाच्या घरीं पाळकाचा. घरांत आजारी असल्यास तो जवळ असूं द्यावा, कारण विसावा मनुष्याच्या हितासाठीं आहे. आधीं एकमेकांची विचारपूस करावी, मग कौटुंबिक उपासना. आरंभीं हात फडताळाकडे वळेल. धीर सोडूं नये. मुलाला बापाशीं जें बोलावयाचें आहे, तें बापानें उद्यांवर टाकूं नये.

गर्दी मागें ठेवून पित्याकडे गेलेला प्रभु आपल्या घरांस हा विसावा देवो. आमेन.