अनुपलब्धीची साक्ष

रूपांतरित खडकाचा इतिहास वाचणे हे कोणत्याही जीर्ण पोथीच्या वाचनाहून अवघड काम आहे. उष्णता आणि दाब यांच्याखाली त्यातील जुनी खनिजे नाहीशी होऊन नवी घडलेली असतात. पूर्वस्थिती पाहिलेले साक्षीदारच सहसा उरत नाहीत. अपवाद झिरकॉनचा. हे सूक्ष्म स्फटिक घडताना युरेनियमला आपल्यात जागा देते, शिशाला जवळजवळ देत नाही. पुढे युरेनियमच्या क्षयातून साठलेल्या शिशावरून त्याचे वय काढता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील एका कणाचे वय सुमारे 440 कोटी वर्षे असल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. तो कण ज्या खडकात सापडला, तो खडक मात्र त्याहून शंभर कोटींहून अधिक वर्षांनी धाकटा आहे.

परंतु वय कळले म्हणजे इतिहास कळला काय? इटलीतील आल्प्सच्या सेझिया-लान्झो पट्ट्यात मूळच्या ग्रॅनाइटातील झिरकॉनचा गाभा सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचा, तर त्या पट्ट्यातील झिरकॉनवर नंतर चढलेली कड सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीची आढळते. ही दुसरी संख्या कशाची? खडक भूगर्भात ओढला गेला त्या वेळेची, तो वर येऊ लागला तेव्हाची, की मधल्या काळात एखादा द्रव त्यातून वाहून गेला त्याची? संख्येला याचे उत्तर ठाऊक नसते.

उत्तर शोधायचे ते स्फटिकात अत्यल्प प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांत. डॅनिएला रुबातो यांचा 2002 मधील निबंध या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गार्नेट, म्हणजे आपला तामडा, जड विरल मृत्तिका मूलद्रव्यांचा मोठा लोभी. तो वाढत असताना जवळ वाढणाऱ्या झिरकॉनच्या वाट्याला ती कमी येतात. प्लॅजिओक्लेज यूरोपियम ओढून घेते. खोलवरच्या दाबाखाली ते खनिजच मोडले, तर झिरकॉनमध्ये यूरोपियमची नेहमीची तूट दिसत नाही. कडेत या दोन्ही खुणा एकत्र आढळल्या, तर तिचे वय खोल दाबाखालच्या रूपांतराचे मानण्यास आधार मिळतो. म्हणजे झिरकॉन सांगतो ते शेजाऱ्यांविषयी, आणि तेही बहुधा स्वतःपाशी जे नाही त्याच्या आधारे.

अभाव हे प्रमाण होऊ शकते काय, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. कुमारिलांच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानले. प्रभाकरांच्या अनुयायांनी ते नाकारले. मला महत्त्वाची वाटते ती या प्रमाणाला घातलेली योग्यतेची अट. वस्तू असती तर दिसली असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे काही सिद्ध करते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही.

भूशास्त्रातला एक रूढ संकेत या अटीवर तपासून पाहावा. थोरियमचे युरेनियमशी गुणोत्तर 0.1 हून कमी असेल तर झिरकॉन रूपांतरणातला, अधिक असेल तर शिलारसातून घडलेला, असे पुष्कळदा धरले जाते. पुष्कळदा ते बरोबरही ठरते. पण थोरियम कमी पडते ते काही अंशी मोनाझाइटासारखे खनिज ते आधी घेऊन टाकते म्हणून. असा वाटेकरी नसेल तर? अतिउच्च तापमानात घडलेल्या रूपांतरित झिरकॉनमध्ये हे गुणोत्तर 0.1 च्या वर सर्रास आढळते. संकेताला निकषाचा दर्जा देणारा अभ्यासक येथे साक्षीदाराला न ऐकताच निकाल देतो.

हा दोष केवळ प्रयोगशाळेतला नाही. दप्तरात ज्यांचे नाव नाही, ते इतिहासात नव्हतेच, असे मानणाऱ्या पंडितांची आपल्याकडे उणीव नाही. त्यांच्या हाती लेखणी होती काय, त्यांची नोंद घेणारा कोणी होता काय, हे आधी विचारावे लागते. तो प्रश्न न विचारता काढलेला निष्कर्ष ज्ञानाच्या दृष्टीने कच्चा तर असतोच, शिवाय तो अन्यायही असतो. कारण आधी वगळलेल्यांना तो पुन्हा एकदा वगळतो.

अर्थात गार्नेटची साक्षही निरपवाद नाही. जड मूलद्रव्यांनी समृद्ध झिरकॉन गार्नेटच्या आधी घडलेला असेल, गार्नेट विरघळू लागल्यावर मोकळ्या झालेल्या द्रव्यातून वाढला असेल, किंवा त्याच खडकाच्या अशा कोपऱ्यात वाढला असेल, जेथवर गार्नेटचा हात पोहोचलाच नाही.