आठवणीतला दुसऱ्याचा वाटा

नावलौकिक मिळवलेल्या माणसाने उतारवयात आपले तरुणपण, उमेदवारीची वर्षे आणि लग्न यांविषयी सांगितले, तर त्यातले किती खरे धरावे? वरवर पाहता हा साहित्याचा प्रश्न वाटतो. भारतीय परंपरेत तो दर्शनांचा प्रश्न आहे. आठवण हे ज्ञान आहे का, आठवणारा मी आणि तेव्हाचा मी एकच का, आणि दोघांनी मिळून केलेल्या संसाराची हकिगत एकट्याने सांगण्याचा अधिकार कुणाला, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. त्यांचा विचार करायला माळव्यातली धार आणि देवास ही पवारांची दोन जुनी संस्थाने फार उपयोगी पडतात. धारेत अकराव्या शतकात भोजराजाने स्मृतीवरही लिहिले आणि अहंकारावरही. देवासात विसाव्या शतकात अशी माणसे राहून गेली, की त्यांच्या तारुण्याची आणि संसाराची कहाणी पुढे अनेकांनी सांगितली.

पहिल्या प्रश्नाला नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, उत्तर कडक आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त बुद्धीचे दोनच प्रकार सांगितले आहेत, अनुभव आणि स्मृती. यथार्थ अनुभव तेवढा प्रमा, म्हणजे खरे ज्ञान. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, म्हणून तिला प्रमेचा दर्जा नाही. तिचा खरेखोटेपणा मूळ अनुभवावर अवलंबून असतो. या मताने पाहिले तर साऱ्या आत्मचरित्रांची जागा प्रमाणांच्या पंगतीबाहेर पडते.

पण हेच नैयायिक आत्मा सिद्ध करायला निघतात तेव्हा स्मृतीचाच आधार घेतात. बौद्धांच्या क्षणिकवादाप्रमाणे प्रत्येक क्षणी चित्त नवे. तसे असेल तर विशीतल्या माणसाने पाहिलेले सत्तरीतल्या माणसाला आठवावे कसे? डोळ्यांनी पाहणारा आणि हाताने स्पर्श करणारा एकच आहे, तसाच तेव्हा पाहणारा आणि आज आठवणारा एकच असला पाहिजे, असा न्यायाचा युक्तिवाद आहे. त्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे: एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही. उदयनाचार्यांसारख्यांनी तो आत्म्याच्या एकत्वासाठी वापरला. मात्र त्याचा एक परिणाम संसारालाही लागू पडतो, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष दिलेले दिसत नाही. नवऱ्याला आठवतो तो नवऱ्याच्या वाट्याचा संसार. त्याच घरात, त्याच वर्षांत बायकोने जे भोगले ते त्याला आठवूच शकत नाही. ते त्याला कळले असेल तर ऐकून किंवा अनुमानाने. लग्नाची एकट्याने सांगितलेली आठवण तर्कदृष्ट्याच अर्धी असते. सांगणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्यात फरक पडत नाही.

योगदर्शनाने हा विचार आणखी पुढे नेला. पतंजलीने स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानले. भोजाने योगसूत्रांवर 'राजमार्तण्ड' नावाची वृत्ती लिहिली. तिच्यात त्याने सांगितले, की प्रमाणाने अनुभवलेला विषय हरवून न जाता संस्काराच्या द्वारे पुन्हा बुद्धीवर चढतो, ती स्मृती. भोजाच्या आधी होऊन गेलेल्या वाचस्पती मिश्रांनी त्याच सूत्रावर जे म्हटले आहे, ते आत्मचरित्रकारांनी नीट वाचण्यासारखे आहे. त्यांच्या मते स्मृती मूळ अनुभवाएवढी असेल किंवा त्याहून कमी असेल, जास्त कधीच नसते. अनुभवाने तिच्यासाठी जे ठेवले तेवढेच तिचे. त्यापलीकडचे उचलणे म्हणजे चोरी. आठवण पुसट होणे, अर्धवट राहणे हा दोष क्षम्य आहे. तिच्यात परक्याची भर घालणे क्षम्य नाही.

ही कसोटी लावली की मोठ्या माणसांच्या आठवणी कुठे घसरतात ते स्पष्ट दिसते. पहिल्या यशाच्या आठवणीवर नंतरच्या कीर्तीचा उजेड पडतो आणि उमेदवार मुलगा जन्मजात थोर वाटू लागतो. हलाखीचे दिवस सांगताना ज्याने घर चालवले तो माणूस मागे सरकतो आणि सोसले ते सगळे सांगणाऱ्याच्या नावावर जमा होते. पहिल्या उदाहरणात माणूस आपल्याच उत्तरायुष्यातून उचलतो, दुसऱ्यात जोडीदाराच्या आयुष्यातून. दुसरी चोरी अधिक गंभीर आहे.

मग उपाय काय? 'मी'च काढून टाकावा का? इथे भोजाचे दोन ग्रंथ परस्परविरोधी वाटतात. ज्या योगसूत्रांवर त्याने वृत्ती लिहिली, त्यांत अस्मिता ही क्लेशांपैकी एक आहे: द्रष्टा पुरुष आणि पाहण्याचे साधन असलेली बुद्धी यांना एकच समजण्याची भूल. त्याच राजाने 'शृंगारप्रकाश' या ३६ प्रकाशांच्या प्रचंड ग्रंथात मात्र अहंकाराला सगळ्या रसांचे मूळ ठरवले. त्याच्या मते अहंकार, अभिमान आणि शृंगार ही एकाच तत्त्वाची नावे. ज्याच्या ठायी ते आहे तो रसिक, ज्याच्या ठायी नाही तो नीरस. रती, हास, शोक असे सगळे भाव त्यातूनच फुटतात आणि शेवटच्या पायरीवर त्याचे प्रेम होते.

हा विरोध खरा मानण्याचे कारण नाही. योगात विचार चालला आहे कैवल्याचा आणि तिथे 'मी'ला जागा नाही. काव्यात विचार चालला आहे मनुष्याच्या अनुभवाचा आणि 'मला हे झाले' असे म्हणणारा कुणी नसेल तर सुख-दुःखाला अर्थच उरत नाही. तारुण्य, पहिले काम, लग्न हे विषय दुसऱ्या क्षेत्रातले आहेत. त्यांची आठवण 'मी'वाचून सांगताच येणार नाही. भोजाच्या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट ही, की अहंकाराची परिणती प्रेमात होते. जो 'मी' स्वतःपाशीच थांबला तो अपुरा; दुसऱ्यापर्यंत पोचला तो पूर्ण झाला. आत्मकथेला लावायला याहून चांगले माप नाही.

मराठी संतांनी स्वतःविषयी सांगितले ते याच मापाने. तुकोबांनी आपल्यावर आलेला दुष्काळ, बुडालेला व्यापार आणि अन्नावाचून गेलेली पत्नी यांचा उल्लेख अभंगांत केला, तो स्वतःची थोरवी सांगायला नव्हे. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंनी तर आपले सबंध आयुष्य अभंगांतून मांडले. लहान वयात आपल्याहून खूप मोठ्या बिजवराशी झालेले लग्न, त्याचा संताप, मारहाण, तुकोबांविषयीच्या ओढीमुळे घरात उठलेले वादळ, हे सगळे त्यांनी सांगितले आणि मागच्या जन्मांचीही कथा जोडली. स्त्रीने आपल्या संसाराची बाजू स्वतः सांगितल्याचे इतके जुने आणि इतके सविस्तर उदाहरण मराठीत दुसरे नाही. ते एका धार्मिक ग्रंथात सापडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

देवासाकडे वळले की हाच प्रश्न आधुनिक वेषात भेटतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३च्या प्रवासात देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत पाहुणा म्हणून आला आणि १९२१मध्ये तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. बागा, मोटारी, वीज असली कामे त्याच्या गळ्यात पडली आणि त्यांतले एकही त्याला धड येत नव्हते. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली. दिवसचे दिवस चाललेला गजर, गुलाल, आणि राजेपण बाजूला ठेवून देवापुढे गात-नाचत असलेले महाराज. या अनुभवावर त्याच्या १९२४च्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचा शेवटचा भाग उभा आहे. देवासाच्या आठवणींचे पुस्तक, 'द हिल ऑफ देवी', त्याने १९५३मध्ये काढले, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता.

स्मृतीच्या दृष्टीने या पुस्तकाची रचना मोलाची आहे. फॉर्स्टरने देवासातून घरी पाठवलेली पत्रे छापली आणि त्यांच्या मधेमधे म्हातारपणीचे निवेदन घातले. त्या वेळचा अनुभव आणि नंतरची आठवण यांची सरमिसळ त्यामुळे टळते. वाचक दोन्ही समोरासमोर ठेवून पाहू शकतो. वाचस्पतींच्या कसोटीला उतरेल अशी ही पद्धत आहे. पत्रांतही निवड झालेली आहे, आणि देवासातल्या आपल्या खासगी आयुष्याविषयी त्याने वेगळे लिहून ठेवले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर १९८३मध्ये प्रसिद्ध झाले. पण न सांगणे आणि भर घालणे यांत शास्त्राने केलेला फरक इथे लागू होतो.

त्याच पुस्तकात एका लग्नाचीही हकिगत आहे. तुकोजीरावांचा विवाह १९०८मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्याशी झाला. मुलगा झाला, पण संसार टिकला नाही. राणीसाहेब देवास सोडून गेल्या. पुढे मुलगाही बापापासून दुरावला. कर्जात बुडालेले महाराज १९३३च्या अखेरीस राज्य सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७मध्ये तिथेच वारले. मुलगा विक्रमसिंहराव १९४७मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. फॉर्स्टरने महाराजांना मनापासून जीव लावला होता. इंग्रज सरकारला जो नादान संस्थानिक दिसला त्याच्यात त्याला भक्त दिसला, आणि त्याने तसे निर्भयपणे लिहिले. तरीही हे लग्न त्या पुस्तकात दिसते ते नवऱ्याच्या मित्राच्या नजरेने. राणीचा अनुभव राणीलाच आठवणार, हा न्यायाचा नियम तिथे पानोपानी जाणवतो. फॉर्स्टरच्या मैत्रीबद्दल आदर ठेवूनही त्या प्रकरणाचा निकाल त्याच्या पुस्तकावरून देता येणार नाही.

कुमार गंधर्वांची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी इथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली लहानपणीच गवई म्हणून गाजले. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे ते तयार झाले. १९४७मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले आणि लगोलग क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८मध्ये दोघे देवासला आले. पुढची पाचएक वर्षे गाणे बंद. तेवीस-चोवीस वर्षांचा, भारतभर नाव झालेला गायक अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत होता, आणि भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर आणि आजारी माणूस सांभाळत होत्या. स्ट्रेप्टोमायसिनने रोग हटला, १९५३च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले. धुनउगम राग, माळव्याची लोकगीते, आणि देवासातल्या शीलनाथ महाराजांच्या धुनीशी जोडलेल्या नाथपरंपरेतून आलेली निर्गुणी भजने या सगळ्यांची मुळे त्या मुक्या वर्षांत आहेत. १९६१मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर भानुमतीबाई गेल्या. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केले. त्याही देवधरांच्या शिष्या, आणि पुढे कुमारांच्या सहगायिका.

कुमारांचे मोठेपण सांगताना या आजाराची कथा हमखास येते आणि बहुधा ती एका एकाकी तपस्व्याची कथा होऊन जाते: मौन, श्रवण, साक्षात्कार. हीच ती अनुभवापेक्षा जास्त उचलणारी स्मृती. तप करणाऱ्याचे पोट कुणीतरी भरत होते, औषधाची वेळ कुणीतरी पाळत होते. ही चूक कुमारांकडून झालेली दिसत नाही. ती भक्तांची आहे. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घराचे नाव 'भानुकुल' आहे. दुसऱ्या पत्नीने पहिलीच्या नावाच्या त्या घरात संसार केला, मुले वाढवली, शिष्य तयार केले, कुमारांच्या १९९२मधल्या निधनानंतरही ते गाणे चालू ठेवले, आणि २०१५मध्ये देवासातच देह ठेवला. ज्या टेकडीवरून फॉर्स्टरने आपल्या पुस्तकाला नाव दिले, तीच ही टेकडी. एकाच गावात एका संसाराची अर्धीच बाजू पुस्तकात राहिली, आणि दुसऱ्या संसारातला जोडीदाराचा वाटा दारावरच्या पाटीवर नोंदला गेला.

भोजाच्या मापाने पाहता कुमारांचा 'मी' दुसऱ्यापर्यंत पोचलेला आहे. निर्गुणी भजनाचा आशयही 'मी' गळून पडण्याचा. तरी ते भजन गाणाऱ्याला स्वतःचा आवाज, स्वतःची दमछाक, स्वतःचे शोक टाकून देता आलेले नाहीत, आणि ती उणीव मानण्याचे कारण नाही.

पती-पत्नी दोघांच्याही आठवणी छापून आल्या, असे भाग्य मराठीला काही वेळा लाभले आहे. महर्षी कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५चे. त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचे 'माझे पुराण' १९४४चे. एकात संस्था उभी राहते, दुसऱ्यात त्या संस्थेपायी घराची झालेली ओढाताण दिसते. दोन्हींतले काहीच खोटे नाही आणि कुठलेही एक पुरेसे नाही. वाचकाने यांतले एक उघडताना दुसरे हाताशी ठेवावे. आणि जिथे दुसरे पुस्तक लिहिलेच गेले नाही, तिथे पहिल्यावरून त्या संसाराचा न्याय करू नये.