गाठीवर घाव घालू नका



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३७. पेटलेला अग्नी जशी सरपणाची राख करतो, तसा ज्ञानाचा अग्नी सगळ्या कर्मांची राख करतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

हा श्लोक कित्येकदा वाचलाय. पण त्यातलं सरपण मला कळलं ते गेल्या रविवारी, पुणतांब्याला मामांच्या घरी.

गोदावरीकाठचं हे गाव. चांगदेव महाराजांची समाधी इथेच आहे. दर्शन घेऊन आलो, तर अंगणात बाभळीचे ओंडके पडलेले. संध्याकाळी चुलीवर स्वयंपाक होता. म्हटलं, मी फोडतो. रोज जिमला जातो, एवढं तर जमेलच! पहिला घाव घातला आणि कुऱ्हाड रुतून बसली. कशीबशी ओढून काढली, पुन्हा तिथेच मारली. पुन्हा रुतली. दहा मिनिटांत तळहाताला फोड.

मामांची सातवीतली नात ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "काका, ती गाठ हाये. तिथं नका मारू. चीर कुठं पडलीय ते बघा आधी."

वाकून बघितलं. वाळलेल्या ओंडक्याच्या तोंडावर मधोमध एक बारीक चीर होती. तिच्यात पाचर ठेवली, घणाचे चार ठोके दिले आणि ओंडका सरळ दुभंगला. फांदी फुटते तिथे गाठ असते, लाकडाच्या रेषा तिथे वळतात, म्हणून कुऱ्हाड अडकते. एरवी लाकूड रेषेत फुटायला तयारच असतं. मग बारीक तुकड्यांवर कोयता टेकवून, पाठीवर लाकडाने ठोकून ढलप्या काढल्या. मामींनी आधी ढलप्या पेटवल्या, मग जाड लाकडं सारली. अख्खा ओंडका चुलीत घातला असता तर नुसता धूर झाला असता.

मंडळी, आपण अख्खा ओंडकाच घेऊन देवापुढे बसतो. 'देवा, माझा अहंकार जाळ' म्हणतो, पण तो कुठे आहे हे बघत नाही. आणि मग डोळ्यांत धूर जातो. याच अध्यायात तीनच श्लोक आधी भगवंत ज्ञान मिळवायचा मार्ग सांगतात: नमस्कार, प्रश्न आणि सेवा. आधी वाकायचं, मग विचारायचं. चीर वाकल्याशिवाय दिसत नाही. मुंडक उपनिषदातही गुरूकडे हातात समिधा घेऊन जायला सांगितलंय. ओंडका नाही, समिधा!

चांगदेवांचंच बघा. परंपरा सांगते, चौदाशे वर्षांचं तप, अंगी सिद्धी; पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. पुढे याच चांगदेवांनी वयाने कितीतरी लहान मुक्ताबाईंना गुरू मानलं. मला तर तो कोरा कागद म्हणजेच त्यांच्या अहंकाराला पडलेली पहिली चीर वाटते.

आता माझी गोष्ट. आई गेल्यापासून बाबा गावी एकटे आहेत. दर फोनवर माझं एकच: "पुण्याला या." त्यांचं एकच: "नाही." मग आवाज चढतो, फोन ठेवला जातो. चार महिने आम्ही धड बोललो नव्हतो. मला वाटायचं, हट्टी तेच आहेत. त्या ओंडक्यापुढे उभं राहून कळलं की मी रोज गाठीवरच घाव घालत होतो. आणि त्यात काळजीइतकाच 'माझं ऐकलंच पाहिजे' हा भावही होता.

त्या रात्री फोन केला. पुण्याचा विषयच काढला नाही. विचारलं, "बाबा, आज जेवायला काय केलंत?" थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईसारखी आमटी करायला गेलो, जमत नाही रे." आणि वीस मिनिटं आईबद्दल बोलत राहिले. मी फक्त ऐकलं.

बाबा पुण्याला आलेले नाहीत. कदाचित येणारही नाहीत. पण आता रोज फोन होतो, आणि कालचा त्यांनी केला होता.

आजचा अभ्यास: ज्या माणसाशी तुमचा रोज तोच वाद होतो, त्याला आज वादाचा सोडून एक प्रश्न विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

राम कृष्ण हरी!