अस्सल कशाला म्हणावे?

एखादी वस्तू ‘अस्सल’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? हा प्रश्न मला पडला तो एका रविवारी संध्याकाळी, फ्रीगंजमधल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. नातवाच्या हट्टाखातर सुनेने पिझ्झा केला होता. बाजारातला मैद्याचा तयार पाव न आणता तिने थालीपिठाच्या भाजणीचा गोळा जाडसर थापला, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजला आणि त्यावर टोमॅटोचा दाट रस, सिमला मिरची व चीज घातले. मी एक घास घेतला आणि म्हणालो, “चव बरी आहे; पण याला पिझ्झा म्हणत नाहीत, आणि थालीपीठही म्हणत नाहीत.” सून काही बोलली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

निवृत्तीपूर्वी बत्तीस वर्षे मी मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल खात्यात होतो. मंडीतल्या व्यापाऱ्यांची वजने आणि काटे तपासावेत, खरे असेल त्यावर शिक्का मारावा, खोटे असेल ते जप्त करावे, हे आमचे काम. प्रत्येक गोष्टीला एक प्रमाण असते आणि त्याच्याशी ताडून पाहिले की खरे-खोटे ठरते, ही समजूत त्यामुळे हाडीमाशी खिळलेली. तेव्हा पिझ्झ्याचे प्रमाण शोधावे व आपले म्हणणे पक्के करावे, या हेतूने मी त्याचा इतिहास वाचू लागलो. जे हाती लागले त्याने माझीच बाजू लंगडी पडली.

‘पिझ्झा’ हा शब्द इटलीतील गाएता येथील इ. स. 997च्या एका लॅटिन करारपत्रात आढळतो. तेथील बिशपाला नाताळला बारा आणि ईस्टरला बारा पिझ्झे खंडादाखल द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. त्या पिझ्झ्यांवर टोमॅटो असणे शक्यच नव्हते. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. तो युरोपात पोहोचला 16व्या शतकात, आणि त्यानंतरही बराच काळ लोक त्याच्याकडे संशयाने पाहत. तो पावावर पसरून पोट भरले ते नेपल्सच्या गोरगरिबांनी. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याने 1843 साली पिझ्झ्याचे वर्णन केले, ते तेथील दरिद्री लोकांचे अन्न म्हणूनच. ‘पिनोकिओ’चा लेखक कोलोदी हा इटालियनच, पण फ्लॉरेन्सच्या या गृहस्थाला नेपल्सचा पिझ्झा पाहून किळस आली. मातिल्दे सेराओ या लेखिकेने 1884 साली नेपल्समधील दैन्यावर पुस्तक लिहिले. रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढणाऱ्या एका नेपल्सवासीयाची हकिकत तिने त्यात दिली आहे. प्रारंभीची नवलाई ओसरली आणि त्याचा धंदा बसला. म्हणजे आज ज्याला ‘इटालियन’ म्हणून मिरवले जाते, ते खुद्द इटलीलाच फार काळ परके होते.

1889 साली राफाएले एस्पोझितो याने राणी मार्गेरीता हिच्यासाठी लाल टोमॅटो, पांढरे मोझरेला चीज आणि हिरवी तुळस घालून पिझ्झा केला व त्याला तिचे नाव दिले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या पत्राविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पुढे स्थलांतरितांबरोबर हा पदार्थ अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमधील लोम्बार्डी यांचे 1905चे दुकान तेथील पहिले म्हणून गणले जाते. 1962 साली कॅनडात सॅम पानोपुलोस या ग्रीक गृहस्थाने त्यावर अननस घातला. 1996 साली मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी भारतात दुकाने उघडली, आणि लवकरच त्यावर पनीर आले. कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झाही आला. आमच्या टॉवर चौकाच्या आसपास गाडीवर मिळणाऱ्या पिझ्झ्यावर माळव्याची शेव भुरभुरलेली मी स्वतः पाहिली आहे.

या साखळीत अस्सल कडी कोणती? गाएताची म्हणावी, तर तीत टोमॅटो नाही. नेपल्सची म्हणावी, तर तीत टोमॅटो परदेशचा. मिलिंदराजाला नागसेनाने विचारले होते की, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजाला नकार द्यावा लागला. पिझ्झ्याबाबत माझी अवस्था तीच झाली.

दुसऱ्याच्या ताटाची अशी चिकित्सा करताना आपले ताटही तपासणे न्यायाचे. महाशिवरात्रीला महाकालाच्या या नगरीत घरोघर उपवास असतो. त्या पवित्र ताटात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची असते. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, आणि उरलेले चारही जिन्नस, मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्याला लागल्यानंतर ते आपल्याकडे रुजले. ज्ञानेश्वरांच्या काळी, 13व्या शतकात, यांतला एकही जिन्नस महाराष्ट्राला ठाऊक नव्हता. तरीही एकादशीच्या खिचडीहून अधिक मराठी काय, असे विचारले तर आपण निरुत्तर होऊ. फार कशाला, ‘अस्सल’ हा शब्दच अरबी मुळाचा आहे!

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमची घराणी शिंदे-होळकरांच्या मागोमाग 18व्या शतकात माळव्यात आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पिढ्यांबरोबर पोहेही येथे आले असे म्हणतात. पण येथे ते बदलले. बडीशेप पडली, वाफेवर मऊ राहू लागले, वरून शेव आली, जीरावन आले, सोबतीला जिलेबी आली. माझी आई असेच पोहे करी. मी सात-आठ वर्षांचा असताना पुण्याहून आत्या आली होती. पहिला घास घेऊन ती हसत म्हणाली, “वहिनी, ह्याला पोहे म्हणतात होय?” आई हसली, पण आत्या होती तेवढे दिवस तिने पुन्हा पोहे केले नाहीत. आमच्या बोलण्यातल्या हिंदी वळणांवरही आत्या अशीच हसे, आणि तिच्यासमोर बोलताना आई शब्द चाचपीत असे. ती चाचपणी मी पाहिली होती, मला तिचा राग आला होता. आणि साठ वर्षांनी त्या रविवारी आत्याचेच वाक्य मी माझ्या सुनेला ऐकवले.

मग प्रमाण हवेच कशाला? तर तसेही नाही. वजने तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस असे म्हणणार नाही. परंतु प्रमाण म्हणजे काय, हे मला आता निराळे दिसते. पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल आहे. 1889 सालीच, म्हणजे राणीच्या पिझ्झ्याच्या वर्षीच, तो जगाचा किलोग्रॅम म्हणून मान्य झाला. शतकभराने त्याच्या जुळ्या प्रतींशी तो ताडला, तेव्हा सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. अखेर 20 मे 2019पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूवरून काढून निसर्गातील एका स्थिरांकावर ठेवली गेली. प्रमाण म्हणून जपलेली वस्तूसुद्धा बदलते. स्थिर ठेवायचा असतो तो देणाऱ्या-घेणाऱ्यांमधला विश्वास.

नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी 1984 साली संघ स्थापून नियम केले आणि 2010 साली युरोपीय संघाने त्यांच्या पद्धतीला संरक्षण दिले. व्यास 35 सेंटिमीटरहून अधिक नको, लाकडाच्या भट्टीत सुमारे 485 अंशांवर 60 ते 90 सेकंद भाजावा, इत्यादी. यात मला काही गैर दिसत नाही. ते स्वतःला बांधून घेतात आणि गिऱ्हाइकाला वचन देतात. वचन मोडले तर ती लबाडी. वनस्पती तेलाचा गोळा ‘चीज’ म्हणून खपवणारा दुकानदार आणि खोटे वजन वापरणारा व्यापारी यांत माझ्या मते भेद नाही. दोघांवर कारवाई झालीच पाहिजे. सुनेने मात्र कोणाला फसवले नव्हते. भाजणी घातली हे तिने आधीच सांगितले होते. बदल आणि फसवणूक या दोन गोष्टींची मी गल्लत केली, आणि वचनासाठी असलेला शिक्का अपमानासाठी वापरला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि आपल्यासारख्या परमुलखात वसलेल्या कुटुंबांना तो हलका मानता येणार नाही. सगळेच बदलू दिले तर शेवटी उरणार काय? नातवंडे मराठी विसरली तर त्यालाही बदल म्हणायचे काय? नाही. तो अंत होय. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे, याचा एक निर्देश मला 2017 साली युनेस्कोने केलेल्या नोंदीत सापडतो. मानवजातीच्या अमूर्त वारशात तेव्हा नोंद झाली ती पिझ्झ्याची नव्हे, नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्याच्या कलेची. रूप बदलले तरी चालते. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाणारे शिक्षण थांबले, तर मात्र वारसा संपला.

या कसोटीवर मी आमचे घर तपासून पाहिले. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सारे वेगवेगळे भाजावे लागते, आणि प्रत्येकाची आंच निराळी. माझ्या आईने ते माझ्या पत्नीला शिकवले. पत्नीने सुनेला शिकवले. सुनेचे माहेर इंदूरचे, हिंदीभाषक, तरीही ती ते शिकली. त्या रविवारच्या पिझ्झ्याखाली माझ्या आईची भाजणी होती. घरात तिला एकट्यालाच येत नव्हती ती मला, अस्सलपणाचा निवाडा करायला बसलेल्याला.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला आत्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “बाबा, मग आजींनी पुन्हा पोहे केले की नाही?” केले, मी म्हणालो, आत्या गेल्यावर, दुसऱ्याच सकाळी, बडीशेप घालून. गेल्या महिन्यात तिच्या देखरेखीखाली मी भाजणी भाजली. बाजरी किंचित करपली. चक्कीवर दळून आणलेले ते पीठ अजून शिल्लक आहे, आणि नातवाने त्याचे काय करायचे ते आधीच ठरवून टाकले आहे.